जेवलास का विचारणारा राक्षस

कैरोच्या शुब्रा भागातल्या आमच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान एक बाई चालवते, याचं आता कुणाला काही वाटत नाही. पण बाप गेल्यावर इन्साफने पहिल्यांदा दुकानाचं शटर वर केलं, तेव्हा कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यापासून मशिदीतल्या शेखपर्यंत सगळ्यांना तोंड फुटलं होतं. इन्साफने कुणाशी वाद घातला नाही. तिने शर्टांच्या कॉलरी अशा काही ताठ करून दिल्या, की बोलणाऱ्यांनीच आपापली गाठोडी आणून टाकली. बाई तशी फटकळ. कुणी घाई केली तर म्हणायची, "इतकी घाई असेल तर चुरगळलेलाच घाल, लग्नाला कुणी तुझ्याकडे बघणार नाहीये." पण रडू आलं की मात्र ती पाण्याचा फवारा उचलायची आणि नको तितका मारत बसायची. गल्लीला हे माहीत होतं, आणि गल्लीने ते कधी बोलून दाखवलं नाही.

तिचा बाप उस्ता, म्हणजे उस्ताद, दियाब. तरुणपणी सोहागहून, दूर दक्षिणेतून, कैरोला आला. त्याची सईदी, म्हणजे दक्षिणेकडची, बोली ऐकून गिऱ्हाइकं हसायची, सईदींवरचे विनोद त्यालाच सांगायची. मग त्याने ती बोली गिळून टाकली. कैरोची बोली त्याने नव्या बुटासारखी घातली. चावली, पण काढली नाही. घरातसुद्धा तो कैरोवाल्यांसारखंच बोलायचा. इन्साफला लहानपणी वाटायचं, आपला बाप इथलाच.

एकदा कुणाच्या तरी कपड्यांच्या गाठोड्यातून एक जाडजूड पुस्तक आलं. परत न्यायला कुणी आलं नाही. परदेशातल्या कुणी लिहिलेलं, अरबीत आणलेलं 'सात पुलांचं राज्य'. राजकन्या, उडते मासे, शापित राणी, आणि शेवटचा पूल खांद्यावर धरून खाली नदीत उभा असलेला एक म्हातारा राक्षस. संध्याकाळी दुकान बंद करून दियाब वर यायचा, बायको स्वयंपाकघरात द्राक्षाच्या पानांत भात भरत बसलेली असायची, आणि तिच्या शेजारी स्टुलावर बसून तो इन्साफला ते पुस्तक वाचून दाखवायचा.

आता आमच्या इमारतीचं असं आहे, की तिच्या पोटातून वरपासून खालपर्यंत एक चौकोनी मोकळी जागा जाते. तिला आम्ही मनवर म्हणतो. सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्या मनवरात उघडतात. कुणाचा लसूण करपला, कुणाचं नवऱ्याशी वाजलं, कुणाच्या पोरीला मागणी आली, सगळं मनवरातून सगळ्यांना कळतं. दियाब वाचायला लागला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वरून तांत एव्हलीन, आम्हा सगळ्यांची एव्हलीन मावशी, ओरडली, "उस्ता, मोठ्याने वाच! राणीने काय केलं ते ऐकू नाही आलं!" खालून हजला जाऊन आलेली हाग्गा नजीमा ओरडली, "आणि जरा थांबत जा, माझ्या कढईचा आवाज होतो!" झालं. तेव्हापासून ते पुस्तक इन्साफचं राहिलं नाही. अख्ख्या मनवराचं झालं.

सगळे वाट बघायचे ती राक्षसाची. कारण राक्षस आला की दियाबचा आवाज बदलायचा. तो आधी घसा खाकरायचा, मग उठता उठता गुडघे धरल्यासारखा कण्हायचा, आणि म्हणायचा, "आरं बाबा, गुडघं गेलं माझं! कोन हाय रं पुलावर? जेवलास का न्हाई?"

अस्सल सोहागची बोली. एरवी जी त्याच्या तोंडून कधी निघाली नाही ती, त्याच्या आईची. राक्षसाच्या आडून तो आपल्या घरी जाऊन यायचा, हे इन्साफला फार उशिरा कळलं.

आणि नुसतं ऐकून भागायचं नाही. मनवरातल्या प्रत्येक खिडकीने उत्तर द्यायचं, त्याशिवाय पूल उघडायचा नाही आणि पान उलटायचं नाही. तांत एव्हलीन ख्रिस्ती, तिच्या उपासाला मसूर चालायचा. ती म्हणायची, "जेवले बाबा, मसूर जेवले, उपास आहे माझा!" हाग्गा नजीमा म्हणायची, "वांगी! तुला ठेवलीत दोन!" आणि इन्साफ दर वेळी म्हणायची, "नाही जेवले." भरल्या पोटी खोटं बोलायची. कारण "नाही" म्हटलं की बाप पातेल्यातली एक गरम गुंडाळी उचलून, फुंकर मारून, तिच्या तोंडात घालायचा आणि मगच पान उलटायचा.

दियाब गेला तेव्हा त्याचा एक फोटो मागे राहिला, दुकानासमोर उभा असलेला, डोळे मिटलेले. आवाज कुठेच राहिला नाही. टेपरेकॉर्डर घरात होता, पण त्यात लग्नाची गाणी भरायची असतात, बापही भरून ठेवायचा असतो हे कुणाच्या डोक्यात येणार?

राहिलं ते पुस्तक. एकटीने पहिल्यांदा वाचलं तेव्हा इन्साफ चाट पडली. पुस्तकातला राक्षस जेवणाचं काही विचारतच नाही. "कोण आहे?" म्हणतो, एक कोडं घालतो आणि वाट सोडतो. गुडघ्यांचं तर नावही नाही. पण गंमत अशी, की ते पान उघडलं की छापलेलं काहीही असो, इन्साफच्या कानात बापच खाकरायचा. म्हणून ती वर्षातून एकदा, तो गेला त्या दिवशी, ते पान उघडायची. वाचायला नाही, ऐकायला.

आपल्या मुलीला, रीतालला, ते ऐकवायचा तिने पुष्कळ प्रयत्न केला. पण इन्साफची जीभ कैरोची. तिच्या तोंडून सईदी बोली निघाली की टीव्हीवरच्या विनोदी नटासारखी निघायची. रीताल हसायची आणि इन्साफला ते सहन व्हायचं नाही. तिने तो नाद सोडला. "आजोबा कसे बोलायचे?" असं पोरीने विचारलं की ती म्हणायची, "छान बोलायचे," आणि फवारा उचलायची.

अशात बातमी आली की 'सात पुलांचं राज्य'वर सिनेमा निघालाय. ईदला लागणार.

आधी दुकानासमोरच्या भिंतीवर राणीचं पोस्टर लागलं. गोरीपान, उंच, डोळ्यांत चांदी. इन्साफने इतकी वर्षं जी राणी मनात ठेवली होती, ती होती औषधाच्या दुकानातली बाई, सोन्याचा दात असलेली, येताजाता लेमनच्या गोळ्या देणारी. दोन दिवस पोस्टरसमोर इस्त्री फिरवल्यावर इन्साफने सहज त्या बाईला आठवून पाहिलं, तर सिंहासनावर पोस्टरवालीच बसलेली. सोन्याचा दात शोधूनही सापडेना. इन्साफच्या हातातली इस्त्री थांबली आणि कुणाचा तरी पांढरा पायघोळ गल्लाबिया पाठीवर पिवळा पडला.

राणीचं जाऊ दे. पण उद्या राक्षस बोलला तर?

तिने घरी सांगून टाकलं, "मी येणार नाही सिनेमाला."

"आई, असं काय करतेस?" रीताल म्हणाली. "सगळी इमारत चाललीय. तांत एव्हलीनने तिकिटं काढलीत."

"एव्हलीनला कसली आलीय ईद?"

मनवरातून लगेच उत्तर आलं. तांत एव्हलीनचे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. "अगं भवाने, तुझ्या ईदची कहक बिस्किटं मी वळून दिली तेव्हा नाही विचारलंस ते! पुस्तक आपलं आहे. आपण नाही जायचं तर कोण जाणार?"

"माझं डोकं दुखतंय, तांत."

"ईद परवा आहे आणि तुझं डोकं आजपासून दुखतंय?"

खरं कारण तिने रीतालला रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगितलं, ताटाकडे बघत. "त्या पानावर तुझे आजोबा आहेत. दुसरं कुठेही नाहीत. सिनेमातला राक्षस बोलला आणि तो माझ्या कानात बसला, तर मग मी त्यांना कुठे ऐकू?"

रीताल पंधराची पोर. तिने भाकरीचा तुकडा मोडला. मग ती हळूच म्हणाली, "माझ्या कानात तर कुणीच नाहीये, आई. मला निदान तो तरी ऐकू दे. तू बरोबर चल फक्त. तो आला की कान झाक."

पोरीचं हे बोलणं इन्साफला लागलं. ती गेली.

ईदच्या दुसऱ्या दिवशी कैरोतल्या थेटरात जी गर्दी असते तिला गर्दी म्हणणं कमीच. नव्या कपड्यांतली पोरं, फुगे, सूर्यफुलाच्या बियांचा कचकचाट. आमच्या इमारतीने एक अख्खी रांग धरली. उडत्या माशांना टाळ्या पडल्या. इन्साफलाही, खोटं कशाला सांगा, मासे आवडले. तिच्या मनातल्या माशांपेक्षा ते बरेच चांगले उडत होते.

मग शेवटचा पूल आला. इन्साफने डोळे मिटले, कानांवर हात दाबले. पण थेटरवाल्यांनी नवीन यंत्रं बसवली होती. आवाज खुर्चीतून, पाठीतून वर आला. गडगडाट. आणि बातम्या देणाऱ्या माणसाच्या शुद्ध अरबीत: "कोण आहे तिथे?"

थेटर चिडीचूप. त्या शांततेत हाग्गा नजीमा म्हणाली, "बरं, पुढे?"

राक्षसाने कोडं घातलं.

"अरे, जेवलास का ते विचार की!"

"हाग्गा, बसा खाली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बसलेलीच आहे मी! हा सईदी का बोलत नाहीये? याचे गुडघे कुठे गेले?"

मागच्या रांगेतला एक चष्मेवाला पोरगा अदबीने पुढे वाकला. "हाग्गा, मी पुस्तक तीनदा वाचलंय. राक्षस सईदी नाहीये. असं काहीच नाहीये पुस्तकात."

"तू वाचलं असशील, बाळा," हाग्गा नजीमा म्हणाली. "आम्ही ऐकलंय."

"पैसे परत मागा!" तांत एव्हलीन पलीकडून म्हणाली. "निम्मं पुस्तक गाळलंय मेल्यांनी!"

आता खरं बोलायचं तर सिनेमावाल्यांची काही चूक नव्हती. त्यांनी छापलेलं पुस्तक घेतलं होतं. शुब्रातल्या एका इस्त्रीवाल्याने त्यात काय मिसळलं, हे त्यांना कोण सांगणार? आणि आमच्या इमारतीतल्या बायकांनी ते पुस्तक कधी हातातही धरलं नव्हतं. त्यांना राक्षस म्हणजे गुडघेदुखीचा, सोहागचा, भुकेची चौकशी करणारा, हे सूर्य उगवतो तितकं पक्कं होतं. इन्साफला हे सांगता आलं असतं. पण तिच्या कानात गडगडाट चालू होता.

घरी आल्यावर तिने नवा झगासुद्धा बदलला नाही. स्वयंपाकघरात गेली, पुस्तक काढलं, ते पान उघडलं. "कोण आहे?" पानावर होतं. तिने डोळे मिटून वाट पाहिली. खाकरणं आलं नाही. आला तो गडगडाट. तिने पान मिटलं, पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. तिने नळ सोडला आणि स्वच्छ असलेलं पातेलं घासायला घेतलं. रीताल दारात येऊन उभी राहिली. काय झालंय हे तिला कळलं आणि तिचा चेहरा उतरला, कारण आईला ओढून तीच घेऊन गेली होती.

मनवरात भांडण अजून चालू होतं.

"मी सांगते ना, तो आधी कण्हायचा, मग खाकरायचा," खालून हाग्गा नजीमा म्हणाली.

"काहीतरीच! आधी खाकरायचा," वरून तांत एव्हलीन. "थांब, करूनच दाखवते."

तांत एव्हलीनचा जन्म शुब्रातला. फ्रेंच नन्सच्या शाळेत शिकलेली, अजून 'मेर्सी' आणि 'पार्दों'शिवाय वाक्य पुरं न करणारी बाई. सोहाग तिने नकाशातसुद्धा पाहिलं नसेल. ती खाकरली. कोरडं, दोन तुकड्यांत, मध्ये किंचित थांबून. इन्साफने नळ बंद केला.

"आरं बाबा, गुडघं गेलं माझं!" वरून आवाज आला. "कोन हाय रं पुलावर?"

आवाज म्हातारीचा होता, चिरका होता. पण 'गुडघं'वर बाप जसा टेकायचा, 'पुलावर' म्हणताना श्वास जसा संपायचा, ते सगळं जसंच्या तसं. गडगडाट कुठल्या कुठे गेला. स्टुलावर बाप बसला होता.

"हां, हे बरोबर," हाग्गा नजीमाने कबूल केलं. "पण 'बाबा' आणखी लांब ओढायचा. आरं बाऽबा!" आणि ते तर त्याहून बापाचं निघालं. इन्साफच्या डोळ्यांना धार लागली. पुसायला हात रिकामे नव्हते आणि फवारा खाली दुकानात होता. इतकी वर्षं तिला वाटत होतं, बाप एका पानावर एकटा आहे आणि त्याला सांभाळायला ती एकटी. तो तर वर होता, खाली होता, मसुरात होता, वांग्यात होता.

रीताल खिडकीपाशी गेली होती. ओठ हलवत, वर बघत, शब्द जिभेवर घोळवत होती. मग ती खाकरली. दोन तुकड्यांत. पहिल्याच फटक्यात.

"आरं बाऽबा," पोर मोठ्याने म्हणाली, "गुडघं गेलं माझं!" रीताल आईकडे वळली. "कोन हाय गं पुलावर? जेवलीस का न्हाई?"

सकाळपासून इन्साफने कहक बिस्किटं, मासे आणि थेटरात बिया खाल्ल्या होत्या. पोटात तीळ ठेवायला जागा नव्हती.

"नाही जेवले," ती म्हणाली.

रीतालने डबा उघडला, एक बिस्किट घेतलं, गरम नव्हतं तरी त्यावर फुंकर मारली आणि आईच्या तोंडात घातलं. ही फुंकर तिला कुणी सांगितली होती, कोण जाणे.