नथ्थूजींचा जबाब

नथ्थूजी कॉम्प्युटरला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. आर्वीला माझ्या दुरुस्तीच्या दुकानात पहिल्यांदा आले ते आंजीहून, एसटीत सीपीयू मांडीवर धरून, चादरीत गुंडाळून. चादर सोडण्याआधी म्हणाले, "पानी कुठं हाय भाऊ? वांग्याच्या वाडीतून आलो, हात मातीचे हायेत."

तीन एकरांत ते भाजीपाला करत. काय लावलं, कोणती कीड आली, आपलं कुठे चुकलं, हे वर्षानुवर्षं त्या जुन्या मशीनमध्ये लिहीत. दर सोमवारी त्यातलं एक पान गावच्या कृषी केंद्राला मेल करत आणि दुकानदार ते छापून दाराला लावी. बाजाराला जाणाऱ्या बायकाही थांबून वाचत. कोणी सल्ला मागितला की नथ्थूजी म्हणत, "मले इचारू नको. माह्या चुका वाच, मंग ठरव."

मग मुलाने पुण्याहून येऊन घरात नवा राउटर बसवला. मोबाइलला वायफाय लागे, मशीनला लागेना. नाव दिसायचं, पासवर्ड मात्र घेत नव्हतं. राउटरचं कुलूप नव्या पद्धतीचं होतं आणि जुन्या विंडोजला ते ठाऊकच नव्हतं. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हनजे मशीन म्हातारं हाय, बहिरं नाई. त्याले नवीन बोलनं कोनी शिकोलंच नाई."

खरा उपाय मला माहीत होता. विंडोजची दुरुस्तीची फाईल टाकायची, वायफाय कार्डाचा नवा ड्रायव्हर शोधायचा. अर्ध्या दिवसाचं काम होतं, आणि दुकानात कॉलेज प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज भरून घेणाऱ्यांची गर्दी. मी आंजीला गेलो आणि मशीनला हातही न लावता राउटरवरच सर्वांत जुनी, कच्ची पद्धत निवडली. पाच मिनिटांत वायफाय लागलं.

"कुलूप पक्कं हाय ना?"

"एकदम पक्कं, काकाजी."

ते कुलूप कोणीही थोड्या वेळात फोडू शकतो, हे मला माहीत होतं.

चार महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या एका सदस्यबाईंबद्दल खोट्या नावाने घाणेरडा मजकूर फिरला. तपास थेट नथ्थूजींच्या कनेक्शनवर आला. चौकीत बोलावलं तेव्हा त्यांनी मला सोबत नेलं. जमादारांनी विचारलं, "वायफायचं सेटिंग कोनं केलं?"

नथ्थूजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "घर माहं, सेटिंगही मीच केलं. पन तो मजकूर माहा नाई."

"मंग भुतानं लिवला का?"

"ते मले माहीत नाई, साहेब."

कुलूप कच्चं आहे, मी ठेवलंय, बाहेरचा कोणीही आत शिरू शकतो, एवढं मी बोललो असतो तर त्यांच्यावरचा संशय तिथेच सुटला असता.

परतताना गाडीवर विचारलं, "काकाजी, माहं नाव काऊन नाई घेतलं?"

"तुह्यं दुकान हाय, पोरी शिकून राह्यल्या. मले काय, वांगे थोडीच जबाब इचारतात!" हसले, आणि मग हळूच म्हणाले, "आता मात्र बरोबर करून दे."

त्या दिवशी मी ते अर्ध्या दिवसाचं काम केलं. ते शेजारी बसून राहिले. जुनं मशीन नव्या कुलपाने जोडलं गेलं तेव्हा म्हणाले, "पाह्य, शिकलं का नाई?"

पुरावा मिळाला नाही, प्रकरण मिटलं. पण सोमवारचं पान दारावरून गेलं. बायका त्यांना पाहून पदर सावरून दुसऱ्या कडेने जाऊ लागल्या. सल्ला मागायला कोणी आलं नाही. दोन वर्षांनी भेंडीच्या ओळीत बसल्या जागी ते गेले.

तेराव्याला त्या सदस्यबाईही आल्या होत्या. पंगतीत शेजारणीला म्हणाल्या, "मानूस चांगला होता वो. पन ते मनातून जात नाई." जेवणं झाल्यावर मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेलो.

त्या वळल्या. "काय भाऊ?"

"काई नाई. ऊन लई हाय, सावलीनं जा."

बाई, ते कुलूप मी कच्चं ठेवलं होतं. नथ्थूजींनी नाही.