सहावं काडतूस

सुमन गेल्यावर परवा पहिल्यांदा गराज उघडलं. बंदुकीच्या दारूचा जुना डबा सापडला. झाकण काढलं, तोच नेलपॉलिशसारखा वास.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत शॉमबर्गला मशीन शॉपमध्ये कामाला होतो. शिसं ओतून गोळ्या करायचो, काडतुसं घरीच भरायचो. दारू घ्यायचो ती भडकन जळणारी, चिमूटभर पुरायची.

एका रविवारी नेमबाजीच्या रेंजवर सुमननं माझं मॅग्नम रिव्हॉल्व्हर उचललं आणि मला आठवलं, काडतुसं भरताना मध्येच फोन आला होता. एखाद्यात दोनदा दारू पडली असली तर? दोन मापं आत सहज मावायची, वरून कळायचंही नाही. रिव्हॉल्व्हर तिच्या हातातच फुटलं असतं.

"सुमन, खाली ठेव!" मी बोंबललो.

सगळं ऐकून ती म्हणाली, "अहो, मग दुप्पट पडली तर उतू जाईल अशी दारू घ्या की. उतू गेलेलं दिसतं तरी!"

दुसऱ्या दिवशी तशी फुगीर दारू आणली. तोच हा डबा.

घरी सहाही काडतुसं सोडवून बघितली. सहाव्यात दुप्पट निघाली. तिला म्हटलं, काही नव्हतं. मग जन्मभर मला भित्री भागूबाई म्हणायची. म्हणू दिलं. म्हणायला ती होती ना.