भांगलणीचा हात

फौजेतून पेन्शनवर आलो, दोन वर्षं कडेगावात ऊस केला आणि मग परदेशात जमिनीतले सुरुंग काढायच्या नोकरीला लागलो. तिथली लढाई कधीच संपलेली, सुरुंग मात्र शेतकऱ्यांच्या रानात तसेच पुरलेले. काम मला मनापासून आवडायचं. म्हणून तर पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या, माझ्याच पलटणीतल्या मित्राला तिकडं ओढून नेलं. मी त्याचा सुपरवायझर झालो आणि तिथंच सगळी माती झाली.

या कामातला मोठा नियम म्हणजे गवत उपटायचं नाही. वरून कात्रीनं थोडं थोडं कापायचं, मग धातू शोधायचं यंत्र फिरवायचं, ते वाजलं तर बाजूनं हळूहळू माती खरवडायची. मुळाशी काय असेल, काय सांगावं? ऐकायला सोपं आहे हो! पण मिसरूड फुटायच्या आधीपासून जो ऊस भांगलतोय, त्याच्या हातानं तण बघून गप्प बसायचं कसं? माझाही हात शिवशिवायचा.

एका सकाळी मी त्याच्या मागं, ठरलेल्या अंतरावर उभा होतो. बघतो तर गड्यानं मूठभर गवत मुळासकट उपटलं, वर माती झटकली आणि बांधावर टाकावं तसं बाजूला टाकलं. त्याला बाहेर बोलावून शिव्यांची लाखोली वाहिली.

"आरं, तुझ्या बाचं रान हाय व्हय हे?"

तो हसला. "सवय रं गड्या. चुकून गेला हात."

त्याच दिवशी त्याला कामावरून उतरवून वर कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर त्याला घरी पाठवला असता. पण आपला माणूस! मीच नेला आणि मीच हाकलला, असं गावात झालं असतं. गप्प बसलो. तेव्हा स्वतःचा लय मोठेपणा वाटला होता, आज त्याचाच संताप येतो.

चौथ्या दिवशी स्फोट झाला. त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. तोंडावरची काच खाली ओढलेली होती म्हणून डोळे वाचले. चौकशीच्या फॉर्मवर एक प्रश्न होता, असं वागणं आधी दिसलं होतं का? मी 'नाही' लिहिलं. सगळी चूक त्याच्या एकट्याच्या माथी गेली. त्यानं अवाक्षर काढलं नाही, याचाही मला राग येतो. बोल की लेका, घाल की शिव्या!

परवा सुट्टीवर आल्यावर त्याच्या घरी गेलो. तो रानात गेला होता. त्याच्या बायकोनं चहा दिला आणि दाराशी उभी राहिली.

"आवं भावजी, एक इचारू? त्यांनी आदी कवा असं केलं हुतं का? आमाला काय बी सांगत न्हाईत."

'नाही' तोंडात तयारच होतं. का कोण जाणे, या खेपेला निघालं नाही.

"केलं हुतं, वैनी. चार दिवस आदी. मी बघितलं हुतं."

ती दार सोडून पुढं आली.

"मग तवाच का न्हाई घरला धाडलं?"

"गावात त्याची नाचक्की झाली असती. म्हणून गप्प बसलो."

"हसलं असतं गाव, तर हसू दिलं असतं," ती म्हणाली. "दोन हात घिऊन आलं असतं की वो घरी."