खरवडलेलं कपाट

माझी धाकटी बहीण चांगल्या कपाटाला आधी नीट रंग देते, तो वाळू देते आणि मग पॉलिश पेपर घेऊन तोच रंग कोपऱ्याकोपऱ्यांतून खरवडून काढते. आमच्या लहानपणी घरातल्या वस्तूचा असा टवका उडवला असता तर पाठीत धपाटा बसला असता. तिला मात्र यासाठी लोक फोन करतात, ताई ताई करत घरी येतात आणि तिने बिघडवलेली वस्तू टेम्पोत घालून घेऊन जातात. याला व्हिंटेज म्हणतात. मला हे प्रकरण अजून पचलेलं नाही.

सुरुवात झाली ती आईच्या लग्नातल्या सागवानी कपाटावरून. माझं लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले होते, हे तू ने, सुरगाण्याकडचं पक्कं सागवान आहे, तुझ्या नातवंडांपर्यंत टिकेल. मी नाक मुरडलं. मला क्रीम रंगाच्या सनमायकाचं, पुरुषभर उंच आरशाचं कपाट हवं होतं. वडिलांनी नाशकातल्या सुताराकडून तसंच करून घेतलं. पुढे धाकटीच्या लग्नाच्या वर्षी आमच्या द्राक्षबागेला गारपिटीने झोडपलं आणि तिच्या वाट्याला ते जुनं कपाट आलं. ती एका शब्दाने काही बोलली नाही. आई मात्र बोलायची. दर दिवाळीला आम्ही विंचूरच्या अलीकडे आमच्या गावी जमलो, की करंज्या लाटता लाटता तिचं सुरू व्हायचं, "थोरलीला नवं दिलं अन् धाकटीला जुनं. माझ्या जिवाला लागून राह्यलंय." खोटं कशाला सांगू, मला ते ऐकायला बरं वाटायचं. नवं माझ्याकडे होतं ना.

मग करोनात सगळ्यांनाच घरी बसायची पाळी आली, त्या दिवसांत धाकटीने मोबाइलवर कुठेतरी काहीतरी बघितलं आणि इंदिरानगरच्या तिच्या रो-हाऊसच्या व्हरांड्यात ते कपाट आडवं घातलं. जुनं पॉलिश घासून काढलं. कडांवर आणि कड्यांभोवती मेणबत्ती फिरवली. भिंतीच्या उरलेल्या रंगात खडूची पूड कालवली आणि त्याचे दोन हात मारले. मेण लावलेल्या जागी रंग धरत नाही, पेपर मारला की तिथून बरोबर सुटतो आणि खालचं सागवान दिसायला लागतं. ही सगळी माहिती तिनेच मला सांगितली, अगदी मोकळ्या मनाने. ती सगळंच मोकळ्या मनाने सांगते, त्यामुळे तिच्यावर चिडायलाही धड जागा मिळत नाही.

मी बघायला गेले तेव्हा दारातच थांबले. फिकट निळसर हिरवा रंग, चुन्यासारखा मऊ. जिथे रोज हात लागतो, जिथे किल्ली फिरते, नेमकं तिथेच झिजल्यासारखं. ज्या कपाटाला मी नाक मुरडलं होतं ते हेच, यावर विश्वास बसेना. काय खोट काढावी ते सुचेना, तेव्हा म्हटलं, "छान झालंय गं. पूर्ण कधी करणार?"

"ताई, हे पूर्णच आहे," ती हसून म्हणाली.

पूर्ण आहे हे मला दिसत होतं. म्हणून तर विचारलं होतं.

त्यानंतर तिला कामं येऊ लागली. कुणाची आजेसासूची पेटी, कुणाच्या दवाखान्यातल्या खुर्च्या, कॉलेज रोडवरच्या एका कॅफेची सगळी टेबलं. माझा नवरा एरवी घरात नवा पडदा लावला तरी महिनाभर न बघणारा माणूस. तो तिच्याकडच्या एका स्टुलाभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "हिला नजर आहे हं." घरी येऊन त्याला रात्रीचीच भाजी गरम करून वाढली.

खरी मिरची झोंबली ती माझ्या हळदीकुंकवाला. मी येवल्याची पैठणी नेसले होते, मसाला दूध आटवलं होतं, बैठकीत नवीन गाद्या टाकल्या होत्या. बायका येऊन बसल्या आणि एकीने मोबाइल काढून सगळ्यांना धाकटीचं रील दाखवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अय्या, या तुमच्या बहीण का? तरीच म्हटलं चेहरा ओळखीचा वाटतोय." इतकी वर्षं ती माझी धाकटी बहीण होती. माझ्याच घरात, माझ्याच हातचं दूध पिताना, बायकांनी मला तिची थोरली करून टाकलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. वाण लुटताना एकीला मी दोनदा हळद लावली.

असं सगळं साचलेलं असताना आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आई गावी भावाकडे असते. वडील गेल्यापासून तर ती गाव सोडतच नाही. कधी बागेची छाटणी, कधी कांद्याची काढणी, कधी नातवाची परीक्षा. माझं लग्न झाल्यापासून ती माझ्याकडे सलग अशी कधी राहिलीच नव्हती. यावेळी महिनाभर नाशकात राहणं भागच होतं, आणि ती माझ्याकडेच राहणार हे मी धरून चालले होते. माझ्याकडे लिफ्ट, माझ्यापासून दवाखाना जवळ. मी मागची खोली रिकामी केली, खिडकीला जाड पडदे लावले, तिला लागते तशी कडक उशी आणली. महिनाभर आई माझी एकटीची. माझं वय बघता असा हट्ट शोभत नाही, पण होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी भावाने तिला पिशवीसकट स्टँडवर माझ्या गाडीत बसवून दिलं. मीच म्हटलं, चल, घरी जायच्या आधी धाकटीकडे जाऊन येऊ. माझ्या मनात काय होतं? तिच्या लग्नातल्या कपाटाचं धाकटीने काय करून ठेवलंय ते आईने बघावं आणि तोंडाचा पट्टा सोडावा. जगाने डोक्यावर घेतलं तरी आई शिव्या घालेल, एवढी माझी खात्री होती. मी सगळ्या वाटेभर गोड बोलत होते.

आईला तेव्हा नीट दिसत नव्हतं. ती कपाटापाशी गेली आणि कडेवरून हात फिरवला. मग दाराच्या कोपऱ्यावरून. मग खालच्या पायावरून.

"किती टवके उडाले गं," ती हळूच म्हणाली.

मग तिने शेजारची खुर्ची चाचपली. तीही खरवडलेली. पलीकडे गिऱ्हाइकाचा एक लाकडी पेटारा होता, त्याचीही तीच गत. आई त्याच खुर्चीवर बसली, धाकटीचा हात हातात घेतला, तिच्या खरखरीत झालेल्या बोटांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "जावईबापूंची नोकरी हाय ना गं?"

धाकटी खो खो हसत सुटली. तिने समजावलं, अगं आई, हे मुद्दाम केलंय, लोकांना आवडतं, लोक विकत घेतात.

"मला शिकवू नको. रंग उडालेलं लोक विकत घेत्यात व्हय? आईपासून काय लपवायचं?"

आता मला सुधरेना. मी पुढे झाले. "आई, खरंच मुद्दाम केलंय. फॅशन आहे ती. तिचं खूप छान चाललंय." तिची एवढी स्तुती मी जन्मात कधी केली नव्हती.

"तू गप. तू सनमायकाच्या घरातली, तुला काय ठाऊक?" आई म्हणाली. डोळ्यांना पदर लावला आणि भावाने माझ्या गाडीत ठेवलेल्या पिशवीबद्दल सांगितलं, "माझी पिशवी हितं आणून ठेव. मी हिच्याकडंच ऱ्हाते. तेवढाच हिला आधार."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीच तिला गाडीत घालून नेलं होतं आणि मीच तिची पिशवी उचलून आत ठेवली.

मी शेवटचा प्रयत्न म्हणून म्हटलं, ऑपरेशननंतर डोळ्यांना धूळ चालत नाही, इथे सारखं घासकाम चालतं. धाकटी लगेच म्हणाली, "मी बंद ठेवते की महिनाभर." आणि ठेवलंही. गिऱ्हाइकांना फोन करून तारखा पुढे ढकलल्या, व्हरांडा धुऊन काढला, अर्धवट कामांवर चादरी टाकल्या. तिने थोडी कुरकुर केली असती तर मला किती बरं वाटलं असतं! पण नाही.

मी रोज डबा घेऊन जायचे. कधी मऊ खिचडी, कधी दुधीची भाजी. आई काळा चष्मा लावून कॉटवर आणि धाकटी तिच्या डोळ्यांत थेंब टाकत असायची, नाहीतर वेणी घालत असायची. एकदा मी व्हरांड्यातच होते आणि आतून दोघींचं हसू ऐकू आलं. आई तिला स्वतःच्या लग्नातली गंमत सांगत होती, बैलगाडीत हेच कपाट आडवं बांधलं होतं आणि वाटेत ओढ्यात गाडी रुतली तेव्हा नवरदेव स्वतः उतरून ते धरून उभा राहिला. ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. मी आत गेल्यावर आई म्हणाली, "आलीस? डबा ठेव तिथं." मला इतका मत्सर वाटला, की परतताना गंगापूर रोडला माझ्या घराकडे वळायचं विसरून मी सरळ पुढे गेले.

त्याच आठवड्यात मी रंग आणला. खडूची पूड आणली, मेणबत्ती देवघरातली घेतली. धाकटीला जमतं ते मला का जमू नये? माझं क्रीम कपाट आडवं करायला वॉचमनला बोलावलं आणि पी हळद हो गोरी करत एका दुपारीत सगळं उरकायला बसले. सनमायका म्हणजे काही लाकूड नव्हे. रंगाला धरायला त्यात काही नसतंच. वाळल्यावर पेपर मारला तर कडेने हळूहळू झिजायच्या ऐवजी रंग सायीसारखा निघून हातात यायला लागला. खालून सागवान दिसायचं सोडून तेच क्रीम दिसायचं. जोर लावला तर सनमायकाचा तुकडाच उडाला आणि आत प्लायवुडचा भुसा. आरशावर शिंतोडे उडाले ते वेगळेच. नवरा संध्याकाळी आला, बघितलं आणि बूट काढता काढता म्हणाला, "भाड्याच्या खोलीत पोपडे येतात तसं झालंय."

सुताराला बोलावून नवीन सनमायका लावता आला असता. मी लावला नाही. कपाट तसंच मागच्या खोलीत उभं केलं, दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसेल असं. आईने बघावं. तिथे धाकटीच्या टवक्यांवर तिचा जीव तुटला, माझ्या टवक्यांवर का तुटू नये?

गावी परतण्याच्या दिवशी आई जेवायला माझ्याकडे आली. नव्या डोळ्यांनी तिला आता सगळं दिसत होतं. आल्या आल्या तिने पंख्यावरचं जळमट दाखवलं. मी तिला मागच्या खोलीत नेलं. ती कपाटासमोर उभी राहिली, तुकडा उडालेल्या जागी बोट घालून बघितलं. तिने फक्त विचारलं असतं, तुझं बरं चाललंय ना गं, तर मी तिथेच रडले असते.

"तिचं बघून केलंस व्हय?" आई म्हणाली. "अगं, ती बिचारी लोकांचं जुनंपानं घासून संसाराला हातभार लावती. तुला कसली कमी हाय? हौस लय तुला." आणि हसून माझ्या गालावर चापट मारली.

"आई, आठ दिवस राहा ना माझ्याकडे. खोली तयारच आहे."

"तुझ्याकडं राहून काय करू? तुझं सगळं जिथल्या तिथं हाय. वाढ आता, गाडी चुकंल."

मी वाढलं. तिने दोन घास जास्त खाल्ले आणि आमटी चांगली झालीय म्हणाली.

स्टँडवर येवल्याची गाडी लागली होती. मी तिला खिडकीची जागा धरून दिली, चष्मा नीट बसवला, थेंबांची बाटली पिशवीत वरती ठेवली. शेजारी नऊवारीतल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "लेक का?"

"थोरली," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा फुलला. "हिची मला आजवर एक दिवस काळजी करावी लागली नाय."

त्या आजी खिडकीतून माझ्याकडे कौतुकाने बघत राहिल्या, म्हणून मला हसावं लागलं. गाडी हलेपर्यंत मी तशीच हसत उभी होते.