मंगळागौरीच्या दिवशी क्वांटमची फुगडी

बाळांनो,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघे म्हणालात, "आजी, क्वांटम कॉम्प्युटिंग राहू दे, तुला नाही समजणार." म्हणून आजच लिहायला बसले. शिवाय तुम्हाला मराठी वाचता येतं आहे तोवर लिहिलेलं बरं. मी स्वतः क्यूबिट होते, तीही नऊवारीत.

गेल्या श्रावणात आपल्या दर्पण कॉलनीतल्या घरी मंगळागौर होती. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी मुलगी फिजिक्स शिकलेली. दुसऱ्या दिवशी एका शाळेत तिला वर्ग घेऊन दाखवायचा होता. पसंत पडला तर नोकरी, नाहीतर बिऱ्हाड आवरून आईवडिलांकडे. सरावाला तिला माणसं हवी होती, आणि आम्ही सगळ्या साठीपुढच्या बायका फुगडीला तयारच होतो.

"काकू, साधा बिट म्हणजे तोंड खिडकीकडे, नाहीतर दाराकडे," तिने समजावलं. "फुगडीत गरगर फिरताय तोवर तुम्ही क्यूबिट. ना धड खिडकी, ना धड दार. मी टाळी वाजवली की थांबायचं. ते मोजमाप. एकीचं तोंड खिडकीकडे आलं तर तिच्या जोडीदारणीचं दाराकडे. पण कोणाचं कुठे, ते आधी कोणालाच माहीत नाही."

"मग आधीच ठरवून घेऊ," मी म्हटलं. मला गोंधळ आवडत नाही.

"काकू, ठरवलं तर क्वांटम कसलं?"

टाळी वाजली. सगळ्यांची तोंडं खिडकीकडे. पुन्हा टाळी, पुन्हा खिडकी.

"ऐसे नहीं चलेगा," ती रडकुंडीला येऊन इथल्या हिंदीवर घसरली. "कल मेरा डेमो है. दाराकडे कोणीच का नाही?"

माझी नणंद शिंदे की छावनीहून खास आलेली. ती म्हणाली, "अगं, खिडकीशी देवी मांडली आहे. तिला पाठ करून उभ्या राहू? नोकरी तुलाच हवी ना?"

पूजा झालेली देवी हलवता येत नाही. मग आम्हीच खाली पार्किंगमध्ये गेलो. खिडकीऐवजी फाटक, दाराऐवजी आजोबांची स्कूटर. आता उत्तरं हवी तशी येऊ लागली: कधी मी फाटकाकडे आणि नणंद स्कूटरकडे, कधी उलट. एकदा नणंद मध्येच मटकन खाली बसली.

"हे कुठलं उत्तर?" मी विचारलं.

"हा एरर," मुलगी म्हणाली.

"एरर तू. गुडघा आहे माझा," नणंद म्हणाली.

तेवढ्यात आजोबा चहाचं विचारायला खाली आले. त्यांना पाहताच साऱ्या फुगड्या थांबल्या आणि सगळ्या पदर सावरू लागल्या. मुलगी हसत सुटली. "बघा, फक्त पाहिलं तरी फिरणं संपलं. उद्या हेच करते."

दुसऱ्या दिवशी तिने वर्गातल्या मुलांना फिरवलं आणि मुख्याध्यापकांना दारातून डोकावायला सांगितलं. नोकरी मिळाली.

आमच्या नात्यात आता मोजक्याच घरी मंगळागौर होते. त्या शाळेच्या मैदानावर मात्र दर शनिवारी फुगडी चालते, आणि मुलगेही ती घालतात.