बिनपिसांचं पाखरू

फुलेवाडीच्या मागल्या गल्लीत सयाजी राहतो. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की त्यात नवी तार भरून द्यायची, हा त्याचा जन्माचा धंदा. पण मोटारीवरून त्याला कुणी ओळखलं नाही. कबुतरवाला सयाजी म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवायचं. गच्चीवर ढाबळ होती, फळ्या आणि जाळी मारून केलेलं कबुतरांचं घर. सकाळी तिचं दार उघडून पाखरं सोडायची आणि मान वर करून उभं राहायचं. बायको शालूबाई चहा घेऊन वर यायची. चहा निवायचा, ती परत गरम करून आणायची.

"माझ्याकडं असं एकदा तरी बघितलं असतं," ती म्हणायची, "तर मी बी उडालो असतो."

"तू परत आली नसतीस," सयाजी म्हणायचा, मान खाली न घेता.

मग खोकला आला, आणि आला तो मुक्कामालाच. जिना चढताना सयाजी मध्येच बसायला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि विचारलं, घरात पाखरं आहेत का. सयाजीला वाटलं, डॉक्टरही शौकीन दिसतात. आहेत की, म्हणाला खुशीनं. डॉक्टर हसले नाहीत. पिसांची आणि वाळक्या शिटीची धूळ छातीत बसलीय, फुप्फुसं कडक होत चाललीत, म्हणाले. झालं ते भरून येणार नाही. पुढचं थांबवायचं असेल तर पाखरं घालवा आणि ढाबळही मोडा, फळ्यांत धूळ राहते.

पाखरं मुरगूडच्या एका शौकिनाला दिली. ती तिथून परत आली. घराला लागलेली पाखरं, ती दुसरीकडं कशी राहतील. ढाबळीवर बसून घुमायला लागली. मग शालूबाई वर जायची आणि फडकं बांधलेली काठी आपटून त्यांना उठवायची. बसली की उठवायची, परत बसली की परत उठवायची. खाली कॉटवर सयाजी पडलेला असायचा. वर काठी वाजली की डोळे मिटून घ्यायचा. नको हाकलूस, असं एकदाही म्हणाला नाही. तेच तिला जास्त लागायचं. होता होता पाखरं यायची थांबली.

पाखरं गेली तरी ढाबळ मात्र त्यानं मोडू दिली नाही. रिकामी हाय, कुणाचं काय खाती, म्हणायचा. शालूबाई शाळेत फार गेली नव्हती, पण एवढं तिला कळत होतं, की कुणी यायचं असल्याशिवाय माणूस घर रिकामं ठेवत नाही. आणि तसंच निघालं. गंगावेशीतला गुंडू रिक्षावाला, सयाजीचा जुना कबुतरदोस्त, त्यानं एक पांढरी जोडी त्याच्यासाठी बाजूला ठेवली होती.

"दोनच पाखरं," सयाजी म्हणाला. "मरायचं तर हायच की."

शालूबाई भांडली नाही. आत जाऊन भाकरी थापत बसली. त्या दिवशी भाकऱ्या जरा जाडच झाल्या.

पुढं एका लग्नात मांडवावर फोटो काढणारं उडतं यंत्र आलं. चार पंख्यांचं, मधमाशीसारखं गुणगुणणारं. सगळी नवरा-नवरीकडं बघत होती, सयाजी वर बघत होता. किती दिवसांनी त्याची मान तशी वर गेलेली शालूबाईनं बघितली. वाटेत तिनंच विषय काढला.

"त्येला पिसं न्हाईत."

"न्हाईत."

"मग धूळ बी न्हाई. तुमी तसलं जुळवा. उडालं तर ती जोडी आणायची न्हाई."

"आणि न्हाई उडालं तर आणणार," सयाजी म्हणाला.

असं ठरलं. सांगाडा आला, चार मोटारी आल्या. अंगठ्याएवढ्या मोटारी बघून सयाजीला हसू आलं आणि हसण्यातनं खोकला आला. तारा त्यानं स्वतः जोडल्या, ते काम तर हातातलंच. राहिला होता मेंदू. चारी मोटारींना हुकूम देणारी पाटी. ती आणायला गुंडूची रिक्षा करून दोघं शाहूपुरीत गेली. दुकान वरच्या मजल्यावर. सयाजीनं जिन्याकडं बघितलं आणि रिक्षातच टेकून बसला.

"तूच जा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मला जिना कळत न्हाई," सयाजी म्हणाला.

दुकान प्रसेनजीत कांबळे नावाच्या माणसाचं. सयाजीशी फोनवर त्याचं बोलणं झालं होतं. त्यानं काचेवर दोन पाट्या ठेवल्या, टपालाच्या तिकिटाएवढ्या.

"काकी, ह्येला फ्लाइट कंट्रोलर म्हणायचं. चौघींनी कुणी किती फिरायचं ते ह्यो ठरवतो."

"म्हंजे सासू," शालूबाई म्हणाली.

प्रसेनजीत हसला. "तसंच समजा. ही पहिली लई चपळ. शर्यतवाली पोरं हीच नेतात. पण सगळं तुमच्या हातावर. हात चुकला की गेलं उसात, बसा हुडकत. आणि ही दुसरी. हिला जीपीएस जोडायचं, मग उपग्रहावरनं हिला आपला ठावठिकाणा कळतो. रिमोटशी संबंध तुटला तर जिथनं सुरू केली तिथं आपली आपण परत येती. जरा मंद हाय. उडवायला मजा कमी."

"परत येती?"

"येती की."

शालूबाई त्या पाटीकडं बघत राहिली. मग जिन्याच्या खिडकीतून खाली वाकली.

"अवो, एक चपळ हाय आणि एक परत येणारी."

रिक्षातून सयाजीनं वर बघितलं. "चपळ घे," म्हणाला. "परत येणाऱ्यांचं काय होतंय ते मी ऐकलंय खाली पडून."

गुंडूनं मान फिरवली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत शालूबाई खिडकीतच उभी होती. हे बोलणं सयाजीनं इतके दिवस तोंडात धरून ठेवलं होतं. तिला वाटलं, घ्यावी चपळ आणि मोकळं व्हावं. पण ते यंत्र उसात पडलं तर हा माणूस उसात शिरणार. दोन सरीत दम तुटणार. नाही सापडलं तर जोडी घरात येणार. ती आत गेली आणि म्हणाली, "परत येणारी द्या."

रिक्षा रंकाळ्यापाशी आली तेव्हा सयाजीनं पाटीची डबी उघडली.

"ही मंद हाय."

"व्हय. तुमी पळणार हायसा उसात?"

सयाजीनं डबी मिटून खिशात टाकली.

पण पाटी बसली. प्रसेनजीत एका रविवारी येऊन सगळं लावून गेला. जाताना बजावून गेला, "काका, नव्या जाग्यावर गेलं की बॅटरी काढायची, परत जोडायची. पयल्यांदा जिथं सुरू हुईल तेच ह्येचं घर. तेवढं ध्यानात ठेवा."

सयाजीनं मान हलवली. पण त्याच्या कानांनी ते कबुतरवाल्याच्या रीतीनं ऐकलं. नवं पाखरू आणलं की त्याचे पर दोऱ्यानं बांधायचे, ढाबळीवर बसवायचं, आधी जागा दाखवायची. जागा ओळखली की मग सोडायचं, आणि मध्ये त्याला अंधारात कोंडायचं नाही. त्यानं यंत्राचे चारी पंखे काढले. तोंडाला मफलर बांधून, बसत उठत गच्चीवर गेला. यंत्र ढाबळीवर ठेवलं, बॅटरी जोडली आणि उपग्रह सापडेपर्यंत थांबला. मग मोटारी क्षणभर फिरवून बंद केल्या.

"बघून घे," त्याला म्हणाला. "हितं यायचं."

मग पंखे बसवले आणि बॅटरी तशीच ठेवून, यंत्र मांडीवर घेऊन गुंडूच्या रिक्षातून माळावर गेला. माळ उसाच्या पलीकडं, गच्चीवरून दिसणारा. शालूबाई गच्चीवरच थांबली.

ठिपका वर गेला. आधी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता, मग जरा सरळ झाला. उसावरून त्यानं एक मोठी गिरकी घेतली, मग दुसरी. शालूबाईनं पदर दातात धरला होता. तिसऱ्या गिरकीला ठिपका मध्येच थबकला. सरळ वर चढला, तोंड फिरवलं आणि घराकडं यायला लागला.

ऊस ओलांडला, घरांची कौलं ओलांडली. अगदी तसाच येत होता, जशी पाखरं यायची. शालूबाईचा हात आपोआप मागं गेला आणि भिंतीला टेकलेली काठी तिनं उचलली. काठी हातात आल्यावर तिला कळलं, आपण काय करतोय. तिनं ती खाली ठेवली, आवाज होऊ न देता.

यंत्र पाण्याच्या टाकीशेजारी उतरलं, कलंडलं, एक पंखा मोडला आणि पडल्या पडल्या टिंटिं करत राहिलं. तेवढ्यात फोन वाजला. गुंडू होता.

"वयनी, घाबरू नका. सयाला खोकल्याची उबळ आली. रिमोट हातातनं पडला तो बंदच झाला. यंत्र गेलं कुठं तरी. त्येला घिऊन येतोय."

"बोलतात का ते?"

"मान हलवतोय."

"त्येंना सांग, आलंय म्हणून."

"कोण आलंय?"

"सांग तू."

सयाजी आला तो गुंडूच्या खांद्यावर हात टाकून. ओठ निळसर पडले होते. खाली बसा म्हटलं तरी ऐकलं नाही. दर दोन पायऱ्यांना टेकत वर आला. कलंडलेलं यंत्र बघितलं, मग बायकोकडं बघितलं.

"काठी उचलली न्हाईस?"

शालूबाईला खोटं बोलता आलं असतं. "उचलली हुती," ती म्हणाली. "ठेवली."

सयाजी टाकीच्या कट्ट्यावर बसला. श्वास जागेवर यायला वेळ लागला. गुंडूनं मग प्रसेनजीतला फोन लावून सगळं सांगितलं. फोनमधून प्रसेनजीतचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. बॅटरी न काढता नेलं काका तुम्ही, म्हणून यंत्राला घर म्हणजे गच्चीच वाटली, नाहीतर माळावरच उतरलं असतं. चूक झाली, परत करू नका. सयाजीनं हां हां म्हटलं.

फोन ठेवल्यावर तो गुंडूला म्हणाला, "ती जोडी दुसऱ्याला दे."

"पांढरीशुभ्र हाय सया. बघ अजून."

"असू दे. माळावर मला पाखरू दिसंना झालतं लेका, नुसता अंधार आलता डोळ्यांपुढं." थोडा थांबून बायकोला म्हणाला, "ढाबळ काढ. मला वर बोलवू नको."

दुसऱ्या दिवशी शालूबाईनं नाकातोंडाला पदर गुंडाळला. धूळ उडू नये म्हणून फळ्यांवर आधी पाणी मारलं. गुंडूनं खिळे उपसले आणि फळ्या मागच्या बाजूनं उतरवल्या. मग तिनं गच्ची बादल्या ओतून धुतली, खराट्यानं घासली, परत धुतली.

सयाजी गल्लीच्या कोपऱ्यावर शिंप्याच्या बाकड्यावर बसून होता. गच्चीच्या पन्हळातून काळं पाणी खाली पडलं आणि गटार तुंबलेलं असल्यानं वाट काढत गल्लीभर आलं. त्यात शीट होती, भुसा होता, बारकी पिसं होती. बाकड्यापाशी आलं तेव्हा त्यानं पाय वर घेतले. शिंपी म्हणाला, आत येऊन बसा की. सयाजी म्हणाला, नको, आणि पाणी नितळ यायला लागेपर्यंत तिथंच बसून राहिला.