पोथी हाताळण्याची रीत

कारंज्याच्या जैन मंदिरातल्या जुन्या पोथ्या ज्या गृहस्थांच्या ताब्यात होत्या, त्यांच्याकडे मी प्रबंधासाठी महिनाभर जात होतो. ते आधी मला हात धुवायला लावत, मग हुंगून बघत. मी वाचायला लागलो की ते पोथीकडे नाही, माझ्याकडे बघत बसत.

चौथ्या दिवशी, हवी ती पोथी सापडल्याच्या भरात मी बोट जिभेला लावून पान उलटलं.

"काहून जी मास्तर, पोथी वाचून राह्यले का चाटून राह्यले?"

त्यांनी पोथी काढून घेतली आणि रुमालात बांधली.

मी गयावया केली. "शेवटच्या पानावर लेखनकाळ आहे हो. तो मिळाला नाही तर माझा प्रबंध बुडाला!"

"बुडू द्या. पोथी कोरडी राह्यली पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच बोलावलं. मला दोन हात लांब बसवलं आणि शेवटच्या पानापर्यंत एकेक पान स्वतः धरून दाखवलं. मी अडलो की ते पानाकडे न बघता पुढचा शब्द सांगत.

प्रबंधात मी लिहिलं, 'सर्व पोथ्या स्वतः हाताळून तपासल्या.' परीक्षकांनी नेमकं तेच वाक्य वाखाणलं.

छापील प्रत त्या गृहस्थांना पाठवायचं धाडस मला अजून झालेलं नाही.